‘शट डाउन’ आणि त्याची भावंडं

बिरवाडीच्या नाक्यावर ‘शटडाऊन’ म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. महाड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या रासायनिक कारखान्याने वार्षिक दुरुस्ती काढली की फिटर, वेल्डर, रंगारी, ठेकेदाराकडची पोरं, सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द. ‘कंपनीत शटडाऊन चाललाय, लग्नाला यायला जमणार नाही.’ महावितरणचा लाइनमन खांबावर चढण्याआधी उपकेंद्राला कळवून ‘शटडाऊन घेतो’. संगणकाच्या क्लासमधून निघताना मुलगी मशीन ‘शटडाऊन करते’. तीन कामं, तीन माणसं आणि शब्द एकच. कुणाचं काही अडत नाही.

अडतं ते शाळेत. तिथे हाच शब्द ‘फ्रेजल व्हर्ब’ या मथळ्याखाली येतो. गाईडमध्ये डावीकडे शंभरेक इंग्रजी जोड्या आणि उजवीकडे त्यांचे अर्थ छापलेले असतात. मुलं त्या पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरतात. ज्या मुलाचे वडील रोज पाळीवर शटडाऊन, हँडओव्हर, ब्रेकडाऊन, स्टार्टअप हे शब्द वापरून घरी येतात, त्याच मुलाला ही यादी परकी वाटते, ही गोष्ट मला फार खटकते. या भागात इंग्रजीच्या ज्या अंगाला सगळे घाबरतात, ते अंग गावात आधीच येऊन राहिलेलं आहे. ते ओळखायचं कसं, एवढंच शिकवायचं उरलं आहे.

फ्रेजल व्हर्ब म्हणजे एक साधं क्रियापद आणि त्याच्या मागे लागलेला एक छोटा शब्द: अप, डाउन, ऑफ, आउट, ऑन, ओव्हर, इन, अवे. दोघं मिळून जो अर्थ तयार होतो, तो पुष्कळदा दोघांच्या सुट्या अर्थांची बेरीज नसतो. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘अप’ म्हणजे वर. पण ‘गिव्ह अप’ म्हणजे नाद सोडणे, हार मानणे. परक्या माणसाला याचा त्रास होतो, ही तक्रार आजची नाही. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपला इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेतच त्याने या जोड्यांचा वेगळा उल्लेख केला. अशा रचना इंग्रजीत बहुधा इतर कोणत्याही भाषेपेक्षा जास्त आहेत आणि परदेशी माणसाला सगळ्यात मोठी अडचण त्यांचीच होते, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणून त्याने त्या काळजीपूर्वक गोळा केल्या. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र बरंच नंतरचं. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५च्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या पुस्तकात ते वापरलं आणि ते सुचवल्याचं श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिलं. म्हणजे इंग्रज माणूस या जोड्या शतकानुशतकं बोलत होता आणि त्यांना नाव मिळून जेमतेम शंभर वर्षं झाली आहेत.

आता ‘शट डाउन’ नीट पाहू. ‘शट’ म्हणजे मिटणे, बंद करणे. भूतकाळातही ते शटच राहतं. ‘शटेड’ असं रूप नाही. दार शट करता येतं, डोळे शट करता येतात, पण कारखाना नुसता शट करून भागत नाही. चालू असलेली, फिरणारी, वाहणारी व्यवस्था थांबवून शांत अवस्थेला आणायची असेल तर मागे ‘डाउन’ लागतं. ते थांबणं तात्पुरतं की कायमचं, हे शब्द सांगत नाही. पुढचं वाक्य सांगतं. ‘द प्लांट शट डाउन फॉर टेन डेज’ म्हणजे दुरुस्तीसाठी दहा दिवस बंद. ‘द मिल शट डाउन इन नाइन्टीन एटी-फाइव्ह’ म्हणजे गिरणी संपली. ‘क्लोज डाउन’ ही जोडी याच्याच शेजारची, पण ती धंद्याला किंवा दुकानाला लागली की बहुतेक वेळा कायमचं बंद होणंच सुचवते. यंत्राला किंवा संगणकाला ‘क्लोज डाउन’पेक्षा ‘शट डाउन’ जास्त शोभतं.

या क्रियापदाला कर्म घेताही येतं आणि कर्मावाचूनही ते चालतं. कारखाना स्वतः ‘शट डाउन’ होतो आणि व्यवस्थापक कारखान्याला ‘शट डाउन’ करतो. कर्म कुठे ठेवायचं याचे मात्र नियम आहेत. ‘शट डाउन द पंप’ आणि ‘शट द पंप डाउन’ ही दोन्ही वाक्यं बरोबर. पण पंपाऐवजी ‘इट’ हे सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं: ‘शट इट डाउन’. ‘शट डाउन इट’ असं इंग्रज माणूस कधीच म्हणणार नाही. आपल्याकडे मुलाखतीत, वॉकी-टॉकीवर, ई-मेलमध्ये सर्वांत जास्त होणारी चूक हीच, आणि ती एका ओळीच्या नियमाने सुटते. सर्वनाम लहान आणि आधी माहीत असलेलं असतं, म्हणून ते क्रियापदाला चिकटतं आणि वाक्याचा जोर शेवटच्या ‘डाउन’वर पडतो.

जोराची गोष्ट निघाली म्हणून आणखी एक. क्रियापद म्हणून वापरताना इंग्रजीत हे दोन सुटे शब्द लिहितात आणि उच्चारात भार ‘डाउन’वर असतो. नाम म्हणून वापरताना तो एकच जोडशब्द होतो आणि भार ‘शट’वर सरकतो. आपण बिरवाडीत जो उच्चारतो तो दुसरा, नामाचा. मराठीने इथे इंग्रजीचं क्रियापद घेतलंच नाही. नाम घेतलं आणि त्याच्यापुढे आपली क्रियापदं लावली. शटडाऊन घेतला, शटडाऊन दिला, शटडाऊन लागला, शटडाऊन चाललाय. लाइनमनच्या भाषेत ‘घेतला’ आणि ‘दिला’ यांत जबाबदारीची वाटणी आहे: काम करणारा घेतो, उपकेंद्रातला ऑपरेटर देतो, आणि काम संपल्याचं सांगून घेणाराच तो परत करतो. इंग्रजीत एवढं सांगायला मोठं वाक्य लागेल. ही मराठीची कमाई आहे, आणि तिच्याकडे कुणी कमीपणाने पाहू नये.

नामाचा वापर जगभर पसरला आहे. वर्तमानपत्रात ‘अमेरिकेत शटडाऊन’ असा मथळा दिसतो, तेव्हा तिथली यंत्रं थांबलेली नसतात. खर्चाला संसदेची मंजुरी न मिळाल्यामुळे सरकारी कचेऱ्यांचं बरंचसं काम थांबतं, त्याला ते नाव आहे. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ या काळात असा शटडाऊन ३५ दिवस चालला होता. माणसालाही हे क्रियापद लागतं: कुणी दुःखाने किंवा रागाने बोलणंच बंद केलं तर तो ‘शट डाउन’ झाला असं म्हणतात. ‘आतून मिटून गेला’ असं आपण म्हणतो, ते याच्या अगदी जवळचं.

आता भावंडं. ‘शट ऑफ’ हे कारखान्यात ‘शट डाउन’इतकंच महत्त्वाचं, आणि दोघांची गल्लत धोक्याची आहे. ‘ऑफ’मध्ये तोडण्याचा, वेगळं करण्याचा भाव आहे. जे वाहतं त्याचा प्रवाह तोडायचा: वाफ, गॅस, पाणी, वीज. म्हणून व्हॉल्व्हचं नाव ‘शट-ऑफ व्हॉल्व्ह’. ‘शट ऑफ द स्टीम’ म्हणजे वाफेची वाट बंद कर. ‘शट डाउन द रिअॅक्टर’ म्हणजे ठरलेल्या क्रमाने सगळी प्रक्रिया शांत कर. पहिलं काम एका हाताचं, दुसरं अनेक पायऱ्यांचं. नवीन ऑपरेटरने ‘शट डाउन’ ऐकून एकच व्हॉल्व्ह फिरवला आणि ढवळणारं यंत्र किंवा थंड करणारं पाणी यांचा क्रम चुकवला, तर आत चाललेली अभिक्रिया आपली आपण थांबत नाही. ‘शट इन’ म्हणजे आत कोंडणे, ‘शट आउट’ म्हणजे बाहेर ठेवणे. ‘शट अप’ सगळ्यांना ठाऊक आहे, पण चित्रपटांतून शिकल्यामुळे त्याचा उद्धटपणा किती आहे हे ठाऊक नसतं. वरिष्ठाला, ग्राहकाला, पाहुण्याला ते कधीही म्हणू नये. ‘शट अप शॉप’ म्हणजे मात्र दुकान गुंडाळणे, आणि त्यात काही उद्धट नाही.

बॉयलरजवळ याहून बोलका नमुना सापडतो. बॉयलर अटेंडंट पाळीत ‘ब्लोडाऊन’ करतो. बॉयलरमधल्या पाण्याची वाफ होत राहते, क्षार आणि गाळ मागे साठत राहतो. म्हणून तळाचं थोडं पाणी दाबासकट बाहेर सोडून द्यायचं. हे रोजचं, गरजेचं काम. एक शब्द बदलून ‘ब्लो अप’ म्हटलं की बॉयलर फुटला! ‘ब्लो ऑफ’ म्हणजे दाब वाढल्यावर सेफ्टी व्हॉल्व्हने वाफ सोडणे. ‘ब्लो आउट’ म्हणजे फुंकून विझवणे किंवा टायर फुटणे. क्रियापद तेच, आणि मागचा शब्द ठरवतो की पाळी नेहमीसारखी जाणार की अग्निशमन बंब येणार. एवढं दाखवलं की मुलांना मागचा शब्द किरकोळ नाही असं पुन्हा सांगावं लागत नाही.

इथे कुणी म्हणेल, हे इंग्रजीचं विचित्रपण आहे, आपल्या भाषेत असं काही नाही. आहे. ‘बोलणे’ घ्या. ‘तो बोलून गेला’ म्हणजे नकळत तोंडातून निघालं. ‘त्याने बोलून टाकलं’ म्हणजे मनात होतं ते एकदाचं सांगून मोकळा झाला. ‘बोलून बसला’ म्हणजे नको ते बोलला आणि आता निस्तरतोय. ‘बोलून दाखवलं’ म्हणजे जाणूनबुजून ऐकवलं. ‘बोलून ठेवलं’ म्हणजे पुढच्या कामाची आधीच सोय केली. ‘बोलून घेतलं’ म्हणजे आपल्या गरजेपुरता विषय उरकला. कोणत्याही मराठी मुलाने याची यादी पाठ केलेली नाही. ‘बसणे’चा अर्थ आसनावर बसणे हा असला तरी ‘बोलून बसला’मध्ये कुणी खुर्ची शोधत नाही. इंग्रजी जे काम मागच्या छोट्या शब्दाकडून करून घेते, तेच काम आपण टाकणे, घेणे, देणे, जाणे, बसणे, ठेवणे या दुसऱ्या क्रियापदांकडून करून घेतो. व्याकरणात याला संयुक्त क्रियापद म्हणतात. दोन्ही भाषांची हत्यारं वेगळी, पण गरज तीच आहे: क्रिया झाली एवढं सांगून पुरत नाही, ती पुरी झाली की अर्धी राहिली, स्वतःसाठी केली की दुसऱ्यासाठी, जाणून केली की चुकून, हेही सांगायचं असतं.

सर्वनाम मध्ये घालण्याची इंग्रजी रीतही आपल्याला अगदी अनोळखी वाटायचं कारण नाही. ‘खाऊन टाक’च्या मध्ये आपण सहज शब्द घालतो: ‘खाऊनच टाक’, ‘खाऊन तर टाक’. जोडी फुटते आणि अर्थ शाबूत राहतो.

एकदा हे पटलं की मागच्या शब्दांचे स्वभाव ओळखता येतात. ‘अप’ अनेकदा क्रिया पुरी करतो: ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपव, ‘क्लीन अप’ म्हणजे साफ करून टाक. आपला ‘टाकणे’ याच्याशी पुष्कळदा जुळतो. ‘डाउन’ जोर कमी करतो किंवा थांबवतो: ‘स्लो डाउन’, ‘कूल डाउन’, ‘काम डाउन’, ‘ब्रेक डाउन’. कागदावर उतरवण्यासाठीही ‘डाउन’च: ‘राइट डाउन’ म्हणजे लिहून घे किंवा लिहून ठेव. ‘ऑन’ चालू ठेवतो: ‘कॅरी ऑन’, ‘गो ऑन’. ‘ओव्हर’ एका हातातून दुसऱ्या हातात नेतो: ‘हँड ओव्हर’, ‘टेक ओव्हर’. पाळी बदलताना रिलीव्हर आला की आपण ‘हँडओव्हर देतो’ तो हाच. ‘आउट’ संपवतो किंवा नाहीसं करतो: ‘रन आउट’, ‘डाय आउट’, ‘वाइप आउट’. हे स्वभाव आहेत, कायदे नव्हेत, अपवाद भेटतीलच. ‘बर्न अप’ आणि ‘बर्न डाउन’ दोन्ही म्हणजे जळून जाणे. फक्त कागद ‘अप’ जळतो आणि घर ‘डाउन’, कारण घर जळताना खाली कोसळतं. पण स्वभाव माहीत असला की नवी जोडी भेटल्यावर अंदाज बांधता येतो, आणि अंदाज बांधता येणं हेच भाषा येण्याचं पहिलं लक्षण.

मग आपल्याकडच्या चांगल्या शिकलेल्या मुलांनाही हे जड का जातं? माझ्या मते कारण आपल्या इंग्रजीच्या वाटेत आहे. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर दरबार, न्यायालय आणि विद्वत्ता यांची भाषा फ्रेंच आणि लॅटिन राहिली. त्यामुळे इंग्रजीत एकाच कामाला दोन थर मिळाले. घरात आग ‘पुट आउट’ करतात, अहवालात ‘एक्स्टिंग्विश’ करतात. घरात त्रास ‘पुट अप विथ’ करतात, ग्रंथात ‘टॉलरेट’. आपल्याकडे आग ‘विझवतात’ आणि त्यासाठी ‘अग्निशमन दल’ येतं, तसंच. मराठी माणसाला इंग्रजी भेटली ती कचेरी, कोर्ट आणि छापील पुस्तकांतून, म्हणजे वरच्या थरातून. मोल्सवर्थ यांनी सुरू केलेला आणि कँडी यांनी १८४७ मध्ये पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश हाताशी घेऊन जी पिढी शिकली, तिने अवघड शब्द आधी आत्मसात केले. म्हणून आजही आपला मुलगा ‘एक्स्टिंग्विशर’ वाचू शकतो, लाल सिलिंडरवर तो रोज दिसतो. पण कुणी ओरडून ‘पुट इट आउट’ म्हणालं तर क्षणभर थबकतो, कारण ‘बाहेर ठेव’ असा अर्थ डोक्यात येतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला इतक्या पिढ्यांना उपयोगी पडल्या, त्यांचं बळ मला इथेच दिसतं: त्या सुट्या शब्दांवर थांबल्या नाहीत, वाक्यामागून वाक्य करून घेत राहिल्या. २०००च्या सुमारास महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं. बोली थर लहानपणीच कानावर पडावा, ही त्यातली मोठी संधी. पण शिकवणं पुन्हा यादीवर आलं तर ती संधी हातची जाते.

वाक्यातून शिकायचं तर महाडसारखं ठिकाण नाही. ‘कॅरी आउट’ ही जोडी घ्या. शब्दशः ‘उचलून बाहेर नेणे’, खरा अर्थ ‘अंमलात आणणे, तडीस नेणे’. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ साली महाड नगरपालिकेने तो ‘टेक अप’ केला आणि चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. ठराव झाला, पण ‘कॅरी आउट’ झाला नाही. तळ्यावर जाण्याची कुणाची हिंमत होऊ दिली गेली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं तळ्यावर चालत गेली, पाणी प्याली, आणि तीन वर्षं कागदावर पडून असलेला ठराव त्यांनी स्वतः तडीस नेला. पिढ्यान्‌पिढ्या जे ‘पुट अप विथ’ केलं होतं, त्याविरुद्ध ती माणसं ‘स्टँड अप’ झाली. ‘पास’ करणं आणि ‘कॅरी आउट’ करणं यांतलं अंतर मुलांना शिकवायला याहून खरं उदाहरण मला माहीत नाही. या सत्याग्रहाच्या प्रमुख संघटकांपैकी रामचंद्र बाबाजी मोरे या तालुक्यातले. महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश मिळवण्यासाठी त्यांना लहान वयातच झगडावं लागलं होतं. इंग्रजीचा वर्ग या भागात सगळ्यांना सहज मिळालेला नाही, हे इथे इंग्रजी शिकवणाऱ्याने विसरू नये.

कामगाराच्या आयुष्यात तर या जोड्या पोटापाण्याशी बांधलेल्या आहेत. ‘ले ऑफ’ पाहा. अमेरिकन बातम्यांत ‘लेड ऑफ’ म्हणजे नोकरी गेली. आपल्या १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने मात्र ले-ऑफची व्याख्या वेगळी केली होती: कोळसा, वीज, कच्चा माल नाही, यंत्र बिघडलं, नैसर्गिक आपत्ती आली, अशा कारणांनी मालक मस्टरवर नाव असलेल्या कामगाराला काम देऊ शकत नाही, ती तात्पुरती स्थिती. नाव मस्टरवर राहतं, आणि पात्र कामगाराला मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळण्याची तरतूद त्या कायद्याने केली. कायमचं कमी करण्याला कायद्यात वेगळा शब्द आहे, ‘रिट्रेंचमेंट’. फलकावर लागलेली नोटीस यांपैकी कोणती, हे कळण्यात घरच्या चुलीचा प्रश्न असतो.

‘लॉक’चीही तीच तऱ्हा. ‘लॉकआउट’ म्हणजे मालकाने कामगारांना बाहेर ठेवून केलेली टाळेबंदी. दुरुस्ती विभागात मात्र ‘लॉकआउट-टॅगआउट’ म्हणजे यंत्राचा स्विच बंद करून त्याला कुलूप आणि नावाची पट्टी लावणे, म्हणजे आत माणूस काम करत असताना दुसऱ्या कुणी ते चालू करू नये. मार्च २०२० मध्ये ‘लॉकडाउन’ आला, आणि मराठी वर्तमानपत्रांनी त्यालाही टाळेबंदीच म्हटलं. एक मराठी शब्द दोन वेगळ्या अर्थांना पुरवावा लागला. ‘लॉकअप’ म्हणजे पोलीस कोठडी, हे तर सगळ्यांना माहीत.

आणि ‘कॉल ऑफ’. संप ‘कॉल ऑफ’ करणे म्हणजे मागे घेणे. महाड-पोलादपूरच्या खेड्यांतून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या घरांना हा शब्द जिव्हारी लागतो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर ‘कॉल ऑफ’ कधीच झाला नाही. गिरण्या मात्र एकेक करून ‘शट डाउन’ झाल्या, आणि चाकरमानी गावाकडे परतले.

भारतातल्या इंग्रजीने काही जोड्यांना आपला अर्थ दिला आहे, तोही ठाऊक हवा. ‘मी २०१९चा पासआऊट’ असं आपण म्हणतो. इंग्लंड-अमेरिकेत ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपणे. फक्त लष्करी प्रबोधिनीतून प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडण्याला ते शब्द वापरतात, आणि पासिंग आउट परेड हे नाव त्यातूनच आलं. परदेशी कंपनीच्या मुलाखतीत ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणावं. फॉर्म आपण ‘फिल अप’ करतो. इंग्लंडमध्ये ‘फिल इन’, अमेरिकेत ‘फिल आउट’. आपल्या रूपाला मी चूक म्हणणार नाही, कोट्यवधी लोक ते बोलतात. पण समोरचा कुठला आहे हे पाहून रूप बदलता यायला हवं.

जुलै २०२१च्या महापुरात सावित्री, गांधारी आणि काळ नद्यांचं पाणी चढलं. अशा वेळी मदतीचे इंग्रजी संदेशही याच शब्दांतले असतात: गाव ‘कट ऑफ’ आहे म्हणजे संपर्क तुटला आहे, घरं ‘वॉश अवे’ झाली म्हणजे वाहून गेली, औषधं ‘रन आउट’ झाली म्हणजे संपली. संकटात माणूस साधं इंग्रजी बोलतो आणि साधं इंग्रजी म्हणजे बहुतांशी फ्रेजल व्हर्ब. बाहेरून येणाऱ्या बचाव पथकाशी बोलणाऱ्या तरुणाला ‘इनअॅक्सेसिबल’ येत नसेल तरी चालेल, ‘कट ऑफ’ यायलाच हवं.

कारखान्यांबाबत मला एक ठामपणे म्हणायचं आहे. कायद्यानुसार लावायच्या नोटिसा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, असं १९४८च्या कारखाने अधिनियमाने सांगून ठेवलं होतं. औद्योगिक वसाहतीत आज मराठीबरोबर हिंदी, ओडिया, बंगाली बोलणारे हातही आहेत. व्हॉल्व्हजवळ ‘शट ऑफ’, पॅनलवर ‘शट डाउन’ आणि बॉयलरजवळ ‘ब्लोडाऊन’ लिहिलेलं असतं, तिथे खाली त्या कृतीचा अर्थ कामगाराच्या भाषेत एका ओळीत लिहायला फारसा खर्च येत नाही. सुरक्षा अधिकाऱ्यांनी हे आपणहून करावं.

शिक्षकांना विनंती एवढीच, की यादी बाजूला ठेवा. मुलांना सांगा, घरी वडील, काका, शेजारचा लाइनमन, क्लिनिकमधली ताई कामावर कोणते इंग्रजी शब्द बोलतात ते वहीत लिहून आणा. त्यातल्या जोड्या वेचा, प्रत्येकीचं पूर्ण वाक्य करा, मध्ये ‘इट’ घालून पाहा, मग त्याला मराठीत कोणतं संयुक्त क्रियापद शोभतं ते मुलांनाच शोधू द्या. बिरवाडीच्या एका वर्गात ही वही सुरू झाली तर वर्षअखेरीस गाईडमधली यादी तीत बहुतेक येऊन जाईल, आणि प्रत्येक शब्दासोबत तो बोलणारं माणूस मुलांच्या ओळखीचं असेल.